शास्त्रीजींचा ‘दाबलेला’ पोस्टमॉर्टेम रिपोर्ट

पंतप्रधान लालबहादूर शास्त्रीजींच्या, तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या ताश्कंदमधल्या मृत्यूवरचा हिंदी थरारपट 2019 ला आला आणि कराडच्या चहाच्या गाड्यांवर जुनीच पुडी पुन्हा सुटली: त्यांचा पोस्टमॉर्टेम रिपोर्ट सरकारनं दाबला. अहो, दाबायला आधी रिपोर्ट तर हवा! शवविच्छेदन झालंच नाही. ना ताश्कंदला, ना दिल्लीत. 10 जानेवारी 1966 ला तिथं भारत-पाकिस्तान करारावर सह्या झाल्या, मध्यरात्रीनंतर ते गेले. डॉक्टरांनी कारण दिलं हृदयविकाराचा झटका, आणि हृदयाचं दुखणं त्यांना आधीपासून होतंच. (आपले यशवंतराव चव्हाणही संरक्षणमंत्री म्हणून त्या दौऱ्यात होते.) ‘अंग निळं पडलं, म्हणजे विषच’ हेही खरं नाही. मृत्यूनंतर रक्त खालच्या बाजूला साकळलं की कातडी निळी-जांभळी दिसते. विच्छेदन का टाळलं, हा घरच्यांचा सवाल मात्र रास्त आहे.