सेक्शन ८ चे व्हाउचर: ३० टक्क्यांचे ४० कसे झाले

अमेरिकेत भाड्याचे सरकारी व्हाउचर हातात आल्यावरही घर हुकते. त्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे ‘भाड्यात आपला वाटा उत्पन्नाच्या ३० टक्के’ हा कुटुंबाने डोक्यात धरलेला आकडा. घर पसंत पडते, मालक तयार होतो, कागद व्हाउचर देणाऱ्या स्थानिक गृहनिर्माण कार्यालयात जातात आणि ‘तुमचा वाटा ४० टक्क्यांवर जातो, मंजुरी नाही’ असे उत्तर येते. हा ४० चा आकडा आला कुठून, हे कळायला एकेकाळी चालू असलेल्या दोन वेगळ्या कागदांकडे जावे लागते.

१९३७ च्या कायद्यापासून सरकारी घरे बांधली जात होती. १९६५ मध्ये खासगी घरे भाड्याने घेऊन गरजूंना देण्याची वाट निघाली, आणि जानेवारी १९७३ मध्ये नव्या अनुदानित बांधकामालाच स्थगिती मिळाली. १९७४ चे सेक्शन ८, म्हणजे खासगी घराच्या भाड्याला सरकारी मदत देणारे कलम, त्यातून आले. त्यात भाडेकरूच्या नावाने मिळायचे ते ‘सर्टिफिकेट’. घराचे भाडे सरकारने ठरवलेल्या फेअर मार्केट रेंटच्या आत हवे आणि कुटुंबाने उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा द्यायचा. हा हिस्सा आधी २५ टक्के होता, १९८१ मध्ये तो ३० झाला. १९८३ मध्ये प्रयोग म्हणून ‘व्हाउचर’ आले. त्याचा हिशेब उलटा होता. सरकारची रक्कम ठरलेली, भाड्याला वरची मर्यादा नाही. महाग घर घेतले तर वरचे पैसे कुटुंबाने भरायचे, स्वस्त मिळाले तर वाचलेले पैसे कुटुंबाचे.

१९९८ च्या कायद्याने दोन्ही कागद एकत्र केले आणि दोन्हींतली थोडी थोडी कलमे उचलली. मर्यादेपेक्षा महाग घर घेण्याची मुभा व्हाउचरकडून आली. पण कुटुंब स्वतःला बुडवेल या भीतीने तिला कुंपण घातले: मदत मोजताना कार्यालय जे कमाल भाडे धरते त्या ‘पेमेंट स्टँडर्ड’पेक्षा घर महाग असेल, तर पहिल्या करारावेळी कुटुंबाचा वाटा वजावटीनंतरच्या मासिक उत्पन्नाच्या ४० टक्क्यांवर जाता कामा नये. स्वस्त घर शोधल्याचे बक्षीस मात्र गेले. आमच्या मते तडजोडीतला हा भाग चुकला, कारण भाव पाडून घेण्यात कुटुंबाला आता काहीच लाभ उरला नाही.

आकडे मांडून पाहू. वजावटीनंतरचे उत्पन्न महिना २,००० डॉलर, म्हणजे ३० टक्के झाले ६०० डॉलर. पेमेंट स्टँडर्ड १,७०० असेल, तर सरकारकडून जास्तीत जास्त १,१०० मिळतील. घर १,९०० चे असेल तर कुटुंबाने ८०० भरायचे. हे नेमके ४० टक्के, म्हणून मंजूर. तेच घर १,९५० चे असेल तर ८५० भरावे लागतात आणि अर्ज फेटाळला जातो. ५० डॉलरसाठी.

घोळ होतो तो यातल्या १,९०० चा. हे नुसते करारातले भाडे नव्हे. वीज, गॅस, पाणी यांपैकी जे भाडेकरूने भरायचे, त्यासाठी कार्यालयाच्या तक्त्यात ठरलेली रक्कम भाड्यात मिळवतात. १,८०० भाडे आणि १५० तक्त्यातले म्हणजे १,९५०, गेले घर. दुसरी चूक खोल्यांची. व्हाउचर दोन बेडरूमचे आणि घर तीन बेडरूमचे असेल, तर पेमेंट स्टँडर्ड दोनचेच लागते. उलटे असेल, म्हणजे घर एकाच बेडरूमचे, तर एकचे. दोन्हींतले कमी ते धरतात. शिवाय भाडे आसपासच्या तशाच विनाअनुदानित घरांशी जुळते का, हेही कार्यालय वेगळे तपासते. मालकाने ‘वरचे ५० रोख द्या’ असे सुचवले तर तिथेच थांबावे. असा छुपा व्यवहार उघड झाला तर व्हाउचर जाऊ शकते.

४० ची अट फक्त घरात शिरतानाची आहे. पुढच्या वर्षी भाडे वाढले तर वाटा ४५ टक्के होऊ शकतो आणि तेव्हा ती आडवी येत नाही. म्हणून पहिलेच घर काठावरचे घेऊ नये.

पेमेंट स्टँडर्ड सहसा फेअर मार्केट रेंटच्या ९० ते ११० टक्क्यांत ठेवतात, आणि या रेंटचाच आधार १९९५ मध्ये खाली आणला गेला. आधी शंभर घरे भाड्याच्या चढत्या क्रमाने मांडली तर ४५ व्या घराचे भाडे धरत, तेव्हापासून ४० व्याचे. वाचलेला पैसा सरकारी हिशेबात दिसला; चांगल्या शाळांजवळची घरे आवाक्याबाहेर गेली, ते कुठल्या तक्त्यात आले नाही. अख्ख्या महानगराला एकच आकडा लावण्याची पद्धतही त्याला कारणीभूत होती. न्यायालयीन तडजोडीमुळे डॅलसमध्ये २०११ पासून पिनकोडनिहाय आकडे लागू झाले. २०१६ च्या नियमाने ते २४ महानगरांत नेले, २०१७ मध्ये अंमलबजावणी पुढे ढकलण्याचा प्रयत्न झाला आणि डिसेंबरात न्यायालयाने तो रोखला. पुढे आणखी महानगरे जोडली गेली. तुमच्या शहरात कोणती पद्धत आहे हे पाहिल्याशिवाय घर शोधायला निघू नये.

पात्रतेची उत्पन्नमर्यादा बहुतेकांना ठाऊक असते. १९९८ ची दुसरी अट निसटते. दरवर्षी नव्याने घेतल्या जाणाऱ्या कुटुंबांपैकी किमान तीन-चतुर्थांश अतिशय कमी उत्पन्नाच्या गटातली हवीत. म्हणून परिसराच्या मध्यक उत्पन्नाच्या ४५ टक्के कमावणारे कुटुंब पात्र असूनही यादीत मागे राहू शकते. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर मदत नाही, ग्रीनकार्डवर आहे. घरात दोन्ही प्रकारचे लोक असतील तर पात्र माणसांच्या प्रमाणात. ग्रीनकार्डवर आलेले आईवडील वेगळे राहून अर्ज करतात, तेव्हा मुलगा किंवा मुलगी दरमहा नियमाने देत असलेले पैसे उत्पन्नात लिहावे लागतात. पुण्यातला स्वतःच्या नावावरचा फ्लॅटही मालमत्तेत दाखवावा लागतो. २०१६ च्या कायद्याने मालमत्तेला १ लाख डॉलरची, महागाईप्रमाणे वाढणारी मर्यादा घातली आणि तिचा अंमल टप्प्याटप्प्याने होत आला आहे.

व्हाउचर मिळाल्यावर घर शोधायला किमान ६० दिवस असतात. मुदतवाढ लेखी मागावी. मालकाने सही केलेला मंजुरी-अर्ज कार्यालयात पडला की निर्णय होईपर्यंत दिवस मोजणे थांबते, म्हणून अपुरा अर्ज देऊ नये. तपासणीत घर उतरण्याआधी राहायला गेलात तर त्या दिवसांचे भाडे सरकार देत नाही, आणि डिपॉझिट व्हाउचरमध्ये येतच नाही.

मालकाच्या नकाराचे मूळही १९९० च्या दशकात आहे. एका व्हाउचरधारकाला घर दिले तर दुसऱ्याला निव्वळ व्हाउचरमुळे नाकारता येणार नाही, हे १९८७ चे बंधन तेव्हा काढले गेले. आता सगळे राज्याच्या कायद्यावर आहे. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात व्हाउचर आहे म्हणून नकार देणे बेकायदा आहे, तर टेक्सासने २०१५ मध्ये शहरांना असे नियम करायलाच बंदी केली. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये ‘आम्ही सेक्शन ८ घेत नाही’ असे लेखी उत्तर आले तर ते जपून ठेवा, तक्रारीत तोच पुरावा असतो.