भिंतीतलं तांबं

न्हाणीघरातल्या गिझरच्या सॉकेटभोवती तपकिरी डाग पडला होता. आधी वाटलं, ओल असेल. वायरमन दादांनी मेन स्विच पाडून बोर्ड उघडला, तेव्हा आतल्या लाल तारेचं आवरण शेवटच्या इंचभर भागात काळं पडून पापडासारखं तडकलेलं दिसलं. बोट लावताच त्याचा तुकडा गळून पडला. "ताई, गिझरला एकची, म्हणजे बारीक वायर टाकलीय. स्क्रूही ढिला आहे," ते म्हणाले. थोडं पुढे शोधल्यावर कळलं की त्याच तारेवरून स्वयंपाकघरातला पॉवर पॉइंट काढलेला होता, आणि तिथे आम्ही रोज सकाळी इंडक्शन शेगडी लावत होतो.

घर १९९१ सालचं. तेव्हाच्या घरात साठ वॅटचे पिवळे बल्ब, दोन-तीन पंखे, एक फ्रीज, एक टीव्ही असायचा. आज दिवे ९ वॅटचे झाले, म्हणजे दिव्यांच्या तारांवरचा भार उलट कमी झाला. पण एसी, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, कपडे धुण्याचं यंत्र अशी मोठी मंडळी घरात आली आणि तीस वर्षांपूर्वीच्या तारांवर बसली. आम्ही सगळं वायरिंग बदलायचं ठरवलं. टाइल्स निवडायला माणसं चार दुकानं फिरतात, वायर मात्र "तुम्हीच आणा" म्हणून सोडून देतात. मला तसं करायचं नव्हतं, कारण तो तडकलेला तुकडा मी अजून डबीत ठेवला आहे.

वायरमनच्या बोलीतली 'एकची', 'दीडची', 'अडीचची' वायर म्हणजे आतल्या तांब्याच्या काटछेदाचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. जुने वायरमन अजूनही 'तीन बावीस', 'सात बावीस', 'सात वीस' म्हणतात. तो ब्रिटिश गेज पद्धतीचा वारसा आहे: सात वीस म्हणजे २० गेजच्या सात तारांचा पीळ. २० गेजची तार ०.९१ मिलिमीटर जाडीची, म्हणून सातांचं क्षेत्रफळ साडेचार चौरस मिलिमीटरच्या आसपास भरतं आणि ती आजच्या 'चारच्या' वायरच्या जागी बसते. हल्लीच्या घरगुती वायरमध्ये अशा जाड तारांऐवजी केसासारख्या बारीक तारा असतात. दीडच्या वायरमध्ये बहुधा ०.२५ मिलिमीटरच्या तीस. त्यामुळे ती पाइपातल्या वळणांतून सहज ओढली जाते. वीज वाहण्याची ताकद मात्र एकूण तांब्यावर ठरते, तारांच्या संख्येवर नाही.

ही ताकद म्हणजे नेमकं काय, ते जेम्स जूलने १८४१ मध्ये मोजून दाखवलं. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट. घराच्या वायरिंगचं जवळजवळ सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे, आणि आमच्या न्हाणीघरातली गोष्टही.

हिशोब करून पाहू. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. एकच्या वायरचा रोध मानकाप्रमाणे किलोमीटरला जास्तीत जास्त १९.५ ओहम, म्हणजे मीटरला ०.०१९५. त्यातून ८.७ अँपिअर गेले की दर मीटरला दीड वॅट उष्णता. जाणारी आणि येणारी अशा दोन तारा धरल्या तर तीन वॅट. एवढ्याने काही बिघडत नाही. आता त्याच तारेवर २००० वॅटची इंडक्शन चालू करा. प्रवाह १७.४ अँपिअर, आणि दर मीटरला तीनऐवजी बारा वॅट. ९ वॅटचा एलईडी दिवा तासभर जळल्यावर त्याचा बुडखा हाताला कसा लागतो ते आठवा. त्याहून जास्त उष्णता भिंतीतल्या बंद पाइपात दर मीटरला निर्माण होतेय आणि तिला बाहेर पडायला वाट नाही, कारण वर प्लास्टर आहे. शिवाय तांबं तापलं की त्याचा रोधही वाढतो, २० अंशांवरून ७० अंशांवर गेलं तर जवळपास वीस टक्क्यांनी. म्हणजे खरा आकडा बाराच्याही वर. हाच भार अडीचच्या वायरवर टाकला, तर मीटरला दोन तारा मिळून पाच वॅटही होत नाहीत.

तांब्याला या उष्णतेचं काहीच वाटत नाही, ते १०८५ अंशांपर्यंत वितळत नाही. त्रास होतो तो आवरणाला. आपल्याकडचं नेहमीचं आवरण पीव्हीसीचं. पीव्हीसी मुळात कडक आणि ठिसूळ. त्यात मऊपणा आणणारे द्रव मिसळून लवचीक करायची युक्ती अमेरिकेत वॉल्डो सेमनला १९२६ मध्ये सापडली, आणि पुढे रबराची जागा पीव्हीसीने घेतली. हाच मऊपणा उष्णतेने हळूहळू उडून जातो. साध्या पीव्हीसी वायरमधलं तांबं कायम ७० अंशांच्या आत राहावं असं धरलेलं असतं. अभियंत्यांचा एक ढोबळ ठोकताळा आहे: मर्यादेच्या वर दर दहा अंशांमागे आवरणाचं आयुष्य निम्मं होतं. तीस वर्षं टिकणारी वायर ८० अंशांवर पंधरा, ९० अंशांवर साडेसात वर्षं. माझ्या डबीतला तुकडा काही एका रात्रीत जळलेला नाही. तो कित्येक हिवाळे रोज सकाळी थोडा थोडा वाळत गेला.

म्हणून वायर कुठून जाणार आहे, तेही पाहावं लागतं. बंद पाइपातून, सभोवती ४० अंश धरून, दीडची वायर सुमारे १४-१५ अँपिअर आणि अडीचची सुमारे २० अँपिअर सुरक्षितपणे वाहते. पण चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते आणि उन्हात तापलेला स्लॅब त्याहून गरम असतो. त्या स्लॅबमधल्या पाइपात एसीची वायर रात्रभर चालणार असेल, तर ७० अंशांपर्यंतचं अंतर फारच थोडं उरतं. तिथे एक आकार वरची वायर घ्यायलाच हवी. एकाच पाइपात आठ-दहा वायरी कोंबल्या तरी तेच होतं. त्या एकमेकींना तापवतात. कोकणात आणि गोव्यात प्रश्न वेगळा. खारट दमट हवेने स्क्रूखालचं तांबं हिरवं पडतं आणि जोड बिघडतो.

वायरच्या वेष्टनावर एफआर, एफआरएलएस अशी अक्षरं असतात. एफआर म्हणजे आग पसरायला विरोध करणारी. हे कसं मोजतात ते मला फार आवडलं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. आवरणाचा नमुना ऑक्सिजनचं प्रमाण वाढवत जाळून पाहतात, आणि या वायरींचं आवरण पेटतं राहायला निदान २९ टक्के ऑक्सिजन लागावा अशी अट असते. आपल्या घरातल्या हवेत तेवढा नाही, म्हणून ज्योत दूर केली की आवरण आपोआप विझतं. पण पीव्हीसी जळताना धुराबरोबर हायड्रोजन क्लोराइड वायू सोडतं, आणि ओलाव्याशी भेटला की त्याचं आम्ल होतं. डोळ्यांत आणि फुप्फुसांत ओलावा असतोच. आगीत माणसं ज्वाळेआधी धुराने गुदमरतात. एफआरएलएसमध्ये हा धूर आणि आम्लवायू दोन्हींवर मर्यादा घातलेली असते. हॅलोजनविरहित वायरीत क्लोरिनच नसतो, त्यामुळे हा वायूही नाही. बहुमजली इमारतीतल्या घराला मी निदान एफआरएलएस सुचवेन. किमतीतला फरक संपूर्ण घराच्या हिशोबात एका बऱ्या पंख्याएवढा निघतो, असा आमच्या बिलाचा अनुभव आहे.

आता एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा खटका. पुष्कळांना वाटतं, तो टीव्ही-फ्रीज वाचवतो. त्याचं पहिलं काम वायर वाचवणं आहे. त्यात दोन धातूंची जोडपट्टी असते, ती जास्त प्रवाहाने तापून वाकते आणि खटका पाडते. शॉर्ट सर्किट झालं तर चुंबक क्षणात खटका ओढतो. पण १६ अँपिअरचा एमसीबी १६ ला पडत नाही. मानकाप्रमाणे तो साधारण तेरा टक्के जास्त, म्हणजे १८ अँपिअरवर तासभर टिकायलाच हवा, आणि २३ अँपिअरच्या आसपास तासाभराच्या आत पडायला हवा. एवढा वेळ तो प्रवाह वायरला सोसता आला पाहिजे. म्हणून दीडच्या वायरला ६ किंवा १० चा, अडीचला १६ चा, चारच्या वायरला २० किंवा २५ चा, अशी जोडी लावतात. "सारखा एमसीबी पडतो" म्हणून १६ काढून ३२ चा बसवून देणारे लोक असतात. पूर्वी किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार पिळून ठेवायचे, तोच प्रकार. आमच्या डीबीतही, म्हणजे एमसीबींच्या पेटीतही, त्या लाइनवर ३२ चाच निघाला. तक्रार बंद झाली होती, तापणं चालू होतं.

पण आवरण शेवटच्या इंचातच का जळलं? सगळी तार सारखीच तापत होती ना? इथे तो ढिला स्क्रू येतो. चांगल्या जोडाचा रोध एका ओहमच्या हजाराव्या भागाइतका क्षुल्लक असतो. स्क्रू ढिला झाला, तांबं काळवंडलं की तो ०.१ ओहमपर्यंत सहज जातो. १६ अँपिअरचा वर्ग २५६, गुणिले ०.१, म्हणजे २५.६ वॅट. रेडिओ दुरुस्तीचा छोटा सोल्डरिंग आयर्नही २५ वॅटचाच असतो. हरभऱ्याएवढ्या जागेत सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखंच ते. विशेष म्हणजे अशा वेळी प्रवाह वाढत नाही, त्यामुळे एमसीबीला काही कळत नाही. ते आपल्यालाच कळून घ्यावं लागतं: पिवळट पडलेला सॉकेट, गरम लागणारा प्लग, जळक्या मासळीसारखा वास, दिव्याचं लुकलुकणं. यातलं काहीही दिसलं तर तो पॉइंट वापरणं त्याच दिवशी थांबवा. नव्या कामात पाइपाच्या आत, भिंतीत कुठेही जोड नको. जोड फक्त उघडता येणाऱ्या पेटीत. बारीक तारांच्या वायरला टोकाला लग, म्हणजे धातूची छोटी टोपी, दाबून बसवला की स्क्रूखाली तारा पसरत नाहीत. आणि वायर स्क्रूखाली बसत नाही म्हणून त्यातल्या पाच-सहा तारा कापून टाकायच्या, हे कुणी करताना दिसलं तर तिथेच थांबवायचं.

अॅल्युमिनियमच्या जुन्या वायरिंगची बदनामी मुख्यतः याच जोडांमुळे झाली. अॅल्युमिनियम हवेत येताच त्यावर वीज न वाहणारा थर धरतो, स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू सरकतं, तापून-निवून जोड ढिला होतो. तांब्याइतकंच काम करायला त्याचं क्षेत्रफळही सुमारे १.६ पट लागतं.

आणि बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तारही तांब्याची म्हणून खपवली जाते. ती ओळखायला वजनकाटा पुरतो. अडीचच्या वायरचं ९० मीटरचं बंडल घ्या: क्षेत्रफळ गुणिले लांबी म्हणजे २२५ घनसेंटिमीटर तांबं, आणि घनता ८.९६, म्हणून सुमारे दोन किलो. आवरणाचं वजन वेगळं. मानक प्रत्यक्षात क्षेत्रफळापेक्षा रोध तपासतं, त्यामुळे चांगल्या वायरीतही तांबं यापेक्षा थोडं कमी भरू शकतं. पण आवरणासकट अख्खं बंडलच दोन किलोच्या आत आलं, तर आत काय आहे ते सांगायला नको. टोक खरवडून आत पांढरी चकाकी दिसते का, तेही पाहावं.

तांबं असणं पुरेसं नाही, ते शुद्ध हवं. १९१३ मध्ये तांब्याच्या वाहकतेचं आंतरराष्ट्रीय माप ठरलं: एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर तारेचा रोध २० अंशांना ०.०१७२४ ओहम. तांब्यात दहा हजारात चार भाग फॉस्फरस मिसळला तरी वाहकता सुमारे वीस-पंचवीस टक्क्यांनी घटते, आणि एसीच्या नळ्यांच्या तांब्यात फॉस्फरस असतोच. भंगारातलं तांबं नीट शुद्ध न करता ओढलेली तार म्हणून दिसायला तांब्याची, पण तापायला वेगळी. घरी हे ओळखता येत नाही. म्हणून आयएस ६९४ हा वायरींच्या भारतीय मानकाचा क्रमांक आणि आयएसआय चिन्ह पाहायचं, आणि त्याखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून तपासायचा. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होतं.

रंगांबाबत हट्ट धरा. आपल्याकडे फेज लाल, पिवळा किंवा निळा; न्यूट्रल काळा; अर्थिंग हिरवा. उपकरणांच्या दोरीत मात्र तपकिरी फेज आणि निळा न्यूट्रल. म्हणजे निळ्याचा अर्थ भिंतीत एक आणि दोरीत दुसरा. वायर कमी पडली म्हणून हिरवी वायर फेजला वापरली, तर दहा वर्षांनी बोर्ड उघडणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. अर्थिंगची तार प्रत्येक सॉकेटपर्यंत जाऊ द्या, आणि डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा आहे का, एवढंच तो पाहतो. फरक पडला, म्हणजे कुठूनतरी, कदाचित माणसातून, वीज जमिनीकडे निघाली, की सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. त्यावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबा.

हे वाचून स्वतः पकड हातात घेऊ नका. परवानाधारक वायरमनला बोलवा, आणि त्याला हे सगळं विचारा. चांगला माणूस अशा प्रश्नांनी खूश होतो, हे मी पाहिलं आहे.

आमच्या झिऱ्या प्लास्टरने बुजवायच्या आदल्या दिवशी मी प्रत्येक भिंतीचे फोटो काढले, शेजारी टेप धरून, म्हणजे पुढे खिळा ठोकताना पाइप कुठे आहे ते कळेल. मग वायरमन दादांनी मेगर लावला. ५०० व्होल्टचा दाब देऊन तारांमधला आवरणाचा रोध मोजायचं ते यंत्र. निदान एक मेगाओहम यायला हवा. हॉलची लाइन दोनशेच्या वर, बेडरूमची दोनशेच्या वर, स्वयंपाकघराची ०.३. पुन्हा लावलं, ०.३ च. अख्खी लाइन ओढून काढली. एका वळणावर पाइपाच्या कापलेल्या धारेने काळ्या वायरचं आवरण बोटभर सोललं होतं, आतलं तांबं लख्ख दिसत होतं. धार कानशीने घासली, नवी वायर ओढली, पुन्हा मेगर लावला. दोनशेच्या वर. मग गवंड्याला सिमेंट कालवायला सांगितलं.