तिसरा मजला, लिफ्ट नाही: नवी मुंबईतल्या म्हातारपणाची पार्श्वभूमी

माझ्या समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून रोज सकाळी दोरीला बांधलेली टोपली खाली येते. भाजीवाला खालून ओरडतो, "आजी, मेथी घेताय का? ताजी आहे!" आजी ग्रिलमधूनच मान हलवतात. पावसाळ्याआधी गुडघ्याने दगा दिला, तेव्हापासून त्या दवाखान्याखेरीज खाली उतरलेल्या नाहीत.

याचं मूळ शहराच्या जन्मात आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता, अभियंता शिरीष पटेल यांनी १९६५ साली खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये हे शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको आली, १९७३ मध्ये खाडीपूल झाला आणि वाशी वसू लागली. राहायला येणारे बहुतेक तिशीतले नोकरदार होते. घर त्यांच्या हप्त्यात बसायला हवं, म्हणून तीन-चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारती उठल्या. कडेवर मूल आणि हातात पिशव्या घेऊन जिना चढणाऱ्यांना त्यात वावगं वाटलं नाही. आज तीच माणसं सत्तरीपार आहेत.

वरच्या मजल्याचं म्हातारपण आधी बाजार तोडतं, मग देऊळ, मग विरंगुळा केंद्र. महापालिकेने ज्येष्ठांसाठी केंद्रं काढली हे उत्तमच, पण तिथवर पोचायला आधी जिना उतरावा लागतो.

बैठ्या घरांची गोष्ट निराळी. कोपरखैरणेत माथाडी कामगारांच्या घरांवर कुटुंब वाढलं तसे मजले चढले, पण म्हातारी माणसं बहुधा तळमजल्यावरच राहिली. दारात खुर्ची टाकली की येणारा-जाणारा विचारपूस करून जातो. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये तर कोरियांनी घरंच अंगणांभोवती रचली. माझ्या मते म्हाताऱ्या माणसाला औषधाइतकीच या दारातल्या खुर्चीची गरज असते.

दरम्यान वाशीच्या सेक्टर ९ आणि १० मधल्या सिडकोने बांधलेल्या जेएन-१, जेएन-२ प्रकारच्या इमारतींत स्लॅबचे तुकडे पडू लागले, त्या धोकादायक ठरल्या आणि पुनर्विकासाचा विषय वर्षानुवर्षं रेंगाळला. पुनर्विकासात लिफ्ट मिळते. पण तोवर भाड्याच्या घरात, अनोळखी सेक्टरमध्ये काढायची वर्षं ऐंशीच्या माणसाला फार महाग पडतात.

समोरच्या आजींच्या सोसायटीतही सध्या याच्याच बैठका चालू आहेत. बैठक तळमजल्यावर भरते. आजींची सही घ्यायला मात्र सेक्रेटरी वर जातात.