सूर्यावर नेम धरताना: संवेदक आणि दुर्बीण जुळवण्याची पार्श्वभूमी

सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानावर दुर्बीण वेगळी असते आणि सूर्य कुठे आहे हे सांगणारा संवेदक वेगळा. संवेदकाला सूर्य बरोबर मध्यावर दिसत असला, तरी दुर्बीण त्याच जागी बघते आहे याची खात्री वेगळी करून घ्यावी लागते. गेल्या सत्तर वर्षांत त्यासाठी संवेदक हळूहळू दुर्बिणीच्या जवळ सरकत गेला.

सुरुवात झाली रॉकेटांवर. कोलोरॅडो विद्यापीठाच्या सूर्याचा माग धरणाऱ्या यंत्रणेमुळे १९५२मध्ये सूर्याची लायमन-अल्फा रेषा (हायड्रोजनची अतिनील किरणांतली रेषा) वर्णपटात टिपता आली. पुढे ७ मार्च १९६२ रोजी सूर्याचा अभ्यास करणारा नासाचा ओएसओ-१ उपग्रह गेला. त्याचा नेम सुमारे एका कोनीय मिनिटापर्यंत (अंशाच्या साठाव्या भागापर्यंत) अचूक होता. सूर्यबिंब मुळात ३२ मिनिटांचे, त्यामुळे बारीक तपशिलाला एवढी अचूकता पुरत नव्हती. १९७३च्या स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर उद्दिष्ट थेट काही कोनीय सेकंदांवर (सेकंद म्हणजे मिनिटाचा साठावा भाग) आले. तिथे अंतराळवीर हायड्रोजन-अल्फा (हायड्रोजनचा लाल प्रकाश टिपणाऱ्या) दुर्बिणीतले चित्र पडद्यावर पाहून नेम लावत.

खरी अडचण जमिनीवरच सुरू होते. संवेदकावर आणि दुर्बिणीवर आरशाचे छोटे घन चिकटवतात आणि थिओडोलाइट या कोनमापक दुर्बिणीने त्यांच्यातला कोन मोजतात. यान कंपन-चाचणीत हलवून झाले की तोच कोन पुन्हा मोजतात. तरीही उड्डाणानंतर गुरुत्वाचा भार उतरतो, कार्बन-तंतूंच्या सांगाड्यातला ओलावा निर्वातात निघून जाऊन तो किंचित आकसतो, एक बाजू तापते. कितीही काळजीपूर्वक जुळवलेला कोन कक्षेत जसाच्या तसा राहत नाही. त्यामुळे अंतिम जुळणी सूर्यावरच करावी लागते, आणि त्यासाठी बिंबाच्या कडेइतकी भरवशाची खूण दुसरी नाही.

याच कडेवर मार्गदर्शक दुर्बीण, म्हणजे फक्त नेमासाठी असलेली वेगळी दुर्बीण, चालते. तिच्यात बिंबाचा मधला भाग झाकतात आणि उरलेली कड प्रकाश मोजणाऱ्या चार डायोडांवर पाडतात. समोरासमोरच्या दोन डायोडांवरचा प्रकाश कमी-जास्त झाला की नेम किती सरकला ते लगेच कळते. नासाच्या १९९८च्या ट्रेस या सौर यानावर ही दुर्बीण मुख्य दुर्बिणीला जोडलेली होती. नासाच्याच २०१०च्या एसडीओ या सौर यानावर एआयए या सूर्याची चित्रे घेणाऱ्या उपकरणाच्या चार दुर्बिणींपैकी प्रत्येकीला स्वतःची मार्गदर्शक दुर्बीण मिळाली. मला हा या इतिहासातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो, कारण सांगाडा वाकलाच तर दोघी बरोबरच वाकतात.

प्रभामंडल, म्हणजे सूर्याभोवतीचे विरळ बाह्य वातावरण, बघणाऱ्या उपकरणांना तर चूक अजिबात परवडत नाही, कारण ते बिंबापेक्षा दहा लाख पटींनी मंद असते. भारताच्या आदित्य-एल१ यानावरच्या व्हीईएलसी या प्रभामंडल बघणाऱ्या उपकरणामध्ये बिंबाचा प्रकाश दुसऱ्या आरशाच्या मधल्या छिद्रातून बाहेर काढतात. नेम ढळला तर तोच प्रकाश आत सांडतो. ५ डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या युरोपच्या प्रोबा-३मध्ये सूर्य झाकणारी तबकडी दुसऱ्याच यानावर, सुमारे दीडशे मीटर दूर आहे. तिची सावली मध्यावर पडते की नाही हे पाहणारे संवेदक दुर्बिणीच्या तोंडाभोवतीच बसवले आहेत.