रिप्लेमध्ये पास झालेला बिल्ड सकाळी फेल का होतो?

“कालपर्यंत बिल्ड पास होत होता, आज कोणी हात न लावता फेल झाला. तुमच्याकडून काही बदललंय का?” असा फोन आला की आम्ही आधी एकच गोष्ट बघतो: जेन्किन्स या, कोड आपोआप बांधून-तपासून (म्हणजे बिल्ड करून) देणाऱ्या साधनात कालचा बिल्ड ‘रिप्ले’ केलेला आहे का. बहुतेक वेळा असतोच.

रिप्ले दाबलं की पाइपलाइनची, म्हणजे बिल्डच्या पायऱ्यांची, स्क्रिप्ट समोर उघडते, तिथल्या तिथे बदलता येते आणि बिल्ड पुन्हा चालवता येतो. करून बघायला ही सोय उत्तम आहे, आम्हीही रोज वापरतो. पण तो बदल त्या एका रनपुरताच! रिपॉझिटरीतली (कोडच्या साठ्यातली) जेन्किन्सफाइल, म्हणजे ही स्क्रिप्ट मुळात जिथे लिहिलेली असते ती फाइल, जशीच्या तशी राहते. संध्याकाळी घाईत डिप्लॉयची (तयार कोड सर्व्हरवर चढवण्याची) ओळ रिप्लेमध्ये सुधारली, बिल्ड पास झाला, सगळे घरी गेले. सकाळी कोणीतरी रीडमी या माहितीच्या फाइलमधली एक वेलांटी दुरुस्त करून पुश केलं (बदल रिपॉझिटरीत पाठवला) की जुनीच ओळ पुन्हा चालते. खापर फुटतं वेलांटीवाल्यावर, आणि अर्धा दिवस भलतीकडेच शोधण्यात जातो. म्हणून रिप्ले पास झाला की जागेवरून उठण्याआधी तोच बदल फाइलमध्ये कमिट करा.

एका ओळीसाठीही आम्ही मर्ज रिक्वेस्ट (बदल तपासून सामील करण्याची विनंती) मागतो, याचा काहींना जाच वाटतो. पण कोणती ओळ कोणी, कधी आणि कशासाठी बदलली हे त्यामुळेच कळतं, आणि चुकलं तर मागे येता येतं. पाइपलाइन फाइलमध्ये लिहायची ती याचसाठी.

जेन्किन्सऐवजी गिटहब अ‍ॅक्शन्स वापरत असाल तर पायथनची आवृत्ती अवतरणात लिहा, '3.10' अशी. नुसतं 3.10 लिहिलं तर यामल (तिथली फाइल लिहायची पद्धत) त्याला दशांश संख्या समजतं, शेवटचं शून्य गळतं आणि 3.1 ची शोधाशोध सुरू होते.

पासवर्ड फाइलमध्ये कधीच नको. चुकून गेलाच तर ओळ पुसून भागत नाही, तो गिटच्या इतिहासात राहतो. आधी पासवर्ड बदला, मग आम्हाला कळवा.

फाइल न लिहिता पडद्यावर बनवलेले जुने फ्रीस्टाइल जॉब (बिल्डची कामं) आम्ही जेन्किन्सफाइलमध्ये आणून देतो. जुना जॉब लगेच बंद करत नाही. दोन्हींचे निकाल जुळेपर्यंत डिप्लॉय जुन्याकडेच ठेवतो. सुरुवातीला त्या जॉबची सेटिंग्ज असलेली ‘कॉन्फिग डॉट एक्सएमएल’ फाइल पाठवलीत तरी पुरे, फक्त आत कुठे पासवर्ड राहिलेला नाही ना, ते बघून.