नरक्यातलं एक कडं

नरक्याची चोरटी तोड पकडल्याची बातमी आमच्या सातारा जिल्ह्यात अधूनमधून वाचायला मिळते. तिच्या पाठोपाठ मोबाइलवर मजकूर फिरू लागतो: ‘नरक्याची साल उकळून प्या, कॅन्सर मुळापासून जाईल.’ तोडीने जंगलाचं नुकसान होतं, या मजकुराने माणसाचा जीव जाऊ शकतो.

नरक्या हे कोयना-महाबळेश्वरकडच्या रानातलं लहानसं झाड. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचा रेणू असतो. १९६६ साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी तो एका चिनी झाडातून वेगळा केला. हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. नरक्यातही तोच रेणू असल्याचं गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखवलं.

आमच्या एका विद्यार्थिनीने एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी रोपवाटिकेतल्या नरक्याच्या पानांचा अर्क काढला. अर्कातले घटक वेगळे करणारी टीएलसी प्लेट अतिनील (यूव्ही) दिव्याखाली धरली आणि निळाशार ठिपका चमकला. “सर, औषध मिळालं!” ती म्हणाली. मिळाला होता रेणू. तिथून औषधापर्यंतची वाट त्या रेणूतल्या एका कड्यातून जाते.

आधी तो करतो काय ते पाहू. दोन पदरी दाव्याचे पदर एका टोकाने ओढून सुटे करत गेलात, तर पुढचा पीळ घट्ट होत जातो. पेशी डीएनएची नक्कल करते तेव्हा हेच होतं. टोपोआयसोमरेज-१ हे विकर (एन्झाइम) एक पदर कापतं, पीळ सैल होऊ देतं आणि पदर पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापलेल्या जागी पाचरीसारखं बसतं. सांधा होतच नाही. नकलेची यंत्रणा तिथे येऊन धडकते, दोन्ही पदर तुटतात आणि पेशी मरते. भराभर विभागणाऱ्या कॅन्सरच्या पेशींना याचा तडाखा जास्त. पण रक्त तयार करणाऱ्या मज्जेतल्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशीही भराभरच विभागतात, म्हणून घरगुती काढा हा खेळ नव्हे.

आता ते कडं. रेणूत अणूंची पाच कडी आहेत. शेवटच्या कड्याला लॅक्टोन म्हणतात, आणि ते बंद असेल तरच पाचर बसते. रक्ताचा पीएच ७.४, म्हणजे किंचित अल्कधर्मी. त्यात हे कडं पाण्याशी अभिक्रिया होऊन उघडतं. अर्ध्या तासात निम्म्याहून जास्त रेणू उघडलेले. त्यात आपल्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन उघड्या रूपालाच घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे समतोल आणखी तिकडे झुकतो आणि बंद रूप एक टक्काही उरत नाही. उंदराचं अल्ब्युमिन असं करत नाही. उंदरात गुणकारी ठरलेला रेणू माणसात थिटा पडला, त्याचं एक कारण हे.

१९७० च्या सुमारास पहिल्या चाचण्या झाल्या तेव्हा हे कोणाला ठाऊक नव्हतं. रेणू पाण्यात विरघळत नाही म्हणून त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला. क्षार म्हणजे कडं आधीच उघडलेलं! ट्यूमरवर परिणाम क्षीण. मूत्र मात्र आम्लधर्मी. तिथे कडं पुन्हा मिटलं आणि मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. चाचण्या थांबवाव्या लागल्या.

रेणूचं लक्ष्य टोपोआयसोमरेज-१ आहे, हे १९८५ मध्ये कळलं आणि संशोधक पुन्हा त्याच्याकडे वळले. लॅक्टोनला हात न लावता दुसऱ्या टोकाच्या कड्यांवर नवे गट जोडले. त्यामुळे विद्राव्यता वाढली आणि अल्ब्युमिनची ती पकडही ढिली झाली. टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही ती दोन औषधं. अमेरिकेत दोघांनाही १९९६ मध्ये मान्यता मिळाली, म्हणजे रेणू सापडल्यावर ३० वर्षांनी. इरिनोटेकन आज आतड्याच्या कॅन्सरवर नेहमीच्या वापरात आहे.

इरिनोटेकन बनवायला लागणारं कॅम्प्टोथेसिन मात्र अजूनही झाडांतूनच येतं, आणि नरक्यावर कुऱ्हाड पडते ती त्यापायी. नरक्याच्या सालीत राहणारी एक बुरशी हा रेणू स्वतः बनवते, हे २००५ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवलं. पण अशा बुरशा झाडाबाहेर काढून पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या की त्यांचं उत्पादन घटत जातं. ते का घटतं आणि कसं टिकवायचं, यावर काम चालू आहे. आमच्या त्या विद्यार्थिनीला पुढे याच प्रश्नावर पीएच.डी. करायची आहे.