एकाच धावपट्टीवर दोन वेग: प्रशिक्षण उड्डाणे आणि आकाशातील टक्कर टाळण्याची पार्श्वभूमी

इंदूरच्या बिजासन टेकडीच्या परिसरात संस्थानी काळात, 1935 च्या सुमारास, विमानतळासाठी जागा निवडली गेली. 1948 मध्ये तेथून प्रवासी सेवा सुरू झाली आणि 1951 पासून त्याच धावपट्टीवर वैमानिक घडवले जाऊ लागले. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची ठरावीक फेरी, घालणारे शिकाऊ विमान आणि ताशी अडीचशेहून अधिक वेगाने फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, येणारे जेट यांना एकाच धावपट्टीवर उतरवण्याचा प्रश्न म्हणूनच इंदूरकरांना नवा नाही. या दोघांना एकमेकांपासून दूर ठेवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, याचे उत्तर मात्र गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलले आहे.

सुरुवातीच्या काळाबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. एप्रिल 1922 मध्ये उत्तर फ्रान्समध्ये धुक्यात दोन प्रवासी विमाने समोरासमोर आदळून 7 जण मरण पावले आणि त्यानंतर ठरलेल्या मार्गावर उजवी बाजू धरण्याचा संकेत रुजला. जून 1956 मध्ये अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनवर दोन मोठी विमाने धडकून 128 जणांचा बळी गेला, तेव्हा ‘पाहा आणि टाळा’ हा नियम वेगवान विमानांना पुरत नाही, हे मान्य झाले. तरीही विमानतळाच्या अगदी जवळ, चांगल्या दृश्यमानतेत, वैमानिकाच्या डोळ्यांवर भिस्त ठेवण्याची पद्धत टिकून राहिली.

तिची खरी कसोटी लागली ती 25 सप्टेंबर 1978 रोजी, अमेरिकेतील सॅन दिएगो येथे. आकाश स्वच्छ होते. सेसना 172 या एका लहान विमानात उपकरणांच्या साहाय्याने उतरण्याचा सराव चालू होता आणि ते विमान रडार नियंत्रकाच्या संपर्कात होते. मागून आणि वरून एक बोइंग 727 उतरत येत होते. पुढे लहान विमान असल्याची सूचना मिळताच जेटच्या वैमानिकांनी ते दिसत असल्याचे कळवले आणि त्या एका वाक्यासरशी अंतर राखण्याचे काम नियंत्रकाकडून त्यांच्याकडे गेले. पुढे सेसना त्यांच्या नजरेतून निसटले. त्यांनी टॉवरला जे सांगितले त्यावरून ते निसटले आहे, हे टॉवरला उमगले नाही. टक्कर होण्याच्या सुमारे 19 सेकंद आधी रडार यंत्रणेने धोक्याचा इशारा दिला होता, पण तो दोन्ही विमानांपैकी एकाही विमानापर्यंत पोहोचला नाही. जमिनीवरचे धरून 144 जण मृत्युमुखी पडले.

तपास मंडळाच्या बहुमताने मुख्य दोष जेटच्या वैमानिकांवर ठेवला: दिसेनासे झालेल्या विमानाबद्दल त्यांनी स्पष्ट सांगायला हवे होते. रडारने अंतर राखता येत असताना नजरेवर काम सोपवण्याच्या पद्धतीला केवळ साहाय्यक कारणाचे स्थान मिळाले. मंडळातील एका सदस्याने याला लेखी विरोध केला आणि 1982 मध्ये मंडळाने निष्कर्ष पुन्हा उघडून नियंत्रण यंत्रणेच्या चुका, तसेच नेमून दिलेली दिशा सेसनाने सोडल्याची बाब, कारणांमध्ये समाविष्ट केली. प्रस्तुत लेखकाच्या मते विरोध करणाऱ्याचेच म्हणणे योग्य होते. दुसरे विमान नजरेस पडल्यापासून आपले विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत सुमारे 12.5 सेकंद लागतात, असे प्रशिक्षणात शिकवले जाते. त्या हिशेबाने 19 सेकंदांपूर्वीचा तो इशारा वेळेत पोहोचला असता. शिवाय धडकेच्या मार्गावर असलेले विमान काचेवर जागचे हलत नाही, फक्त मोठे होत जाते आणि न हलणारी गोष्ट डोळा सहज गाळतो. हा दोष दक्षतेचा नसून दृष्टीच्या घडणीचा आहे.

त्यानंतर भर यंत्रांवर आला. 1986 मध्ये लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस येथे एका लहान विमानाची प्रवासी जेटशी टक्कर होऊन 82 जण गेले आणि टक्कर टाळणारी यंत्रणा अमेरिकेत सक्तीची झाली. आपल्याकडे 12 नोव्हेंबर 1996 च्या चरखी दादरी दुर्घटनेत 349 जणांचा जीव गेल्यावर दिल्लीत येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले आणि ही यंत्रणा भारतातही सक्तीची झाली. सर्किटमध्ये मात्र तिचा उपयोग मर्यादित असतो, कारण जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या खाली ती वर जा किंवा खाली जा असा आदेश देत नाही आणि शिकाऊ विमानाचे सर्किट बहुधा हजार फुटांवरच असते. लहान विमानाचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारच्या संदेशाला आपोआप उत्तर देणारे उपकरण, बंद असेल, तर ते जेटमधील यंत्रणेला मुळीच दिसत नाही.

नियमांतील फटही लक्षात घेण्यासारखी आहे. नियंत्रकाची जबाबदारी किती, यानुसार आकाशाचे वर्ग पाडलेले असतात आणि भारतातील अनेक नियंत्रित विमानतळांभोवतीचे आकाश दीर्घकाळ ‘डी’ वर्गात राहिले. या वर्गात उपकरणांवर उडणाऱ्या जेटला आणि नजरेवर उडणाऱ्या शिकाऊ विमानाला एकमेकांची माहिती दिली जाते. त्यांच्यात ठरावीक अंतर राखण्याचे बंधन नियंत्रकावर नसते. व्यवहारात नियंत्रक त्याहून पुष्कळ अधिक करतात, शिकाऊ विमानाला डाउनविंड, म्हणजे सर्किटमधला धावपट्टीला समांतर टप्पा, लांबवायला किंवा तेथेच घिरट्या घालायला सांगतात. पण ते त्यांचे शहाणपण आहे, वर्गाने दिलेली हमी नव्हे.

2021 मध्ये बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी या कमी वर्दळीच्या 5 विमानतळांवर 9 प्रशिक्षण संस्थांना जागा देण्याचे ठरले, त्याने जेट आणि सेसना यांची गाठ कमी पडेल हे खरे. मात्र एका धावपट्टीवर दोन संस्था आल्या की शिकाऊ विरुद्ध शिकाऊ हा धोका वाढतो. जुलै 2025 मध्ये कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात उड्डाण-अवतरणाचा सराव करणारी दोन प्रशिक्षण विमाने धडकून दोन्ही विद्यार्थी गेले आणि त्यांतील एक भारतीय होता. सेसनाचे पंख माथ्यावर असतात, त्यामुळे वळताना ज्या बाजूला वळायचे तीच बाजू पंखाआड जाते. म्हणून वळण्याआधी पंख उचलून पाहण्याची सवय पहिल्या धड्यांपासून लावली जाते.

इंदूरसारख्या व्यग्र विमानतळावर प्रशिक्षणाची गरज आणि विमान कंपन्यांचे वेळापत्रक यांची ओढाताण चालू राहते. नजरेवरची उड्डाणे मुख्यतः दिवसाउजेडी होतात, विद्यार्थ्याला सकाळची शांत हवा हवी असते आणि विमान कंपन्यांनाही सकाळच हवी असते. व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या 200 तासांचा खर्च विद्यार्थ्याचे घरचे लोक भरतात, त्यामुळे जेटला वाट देण्यासाठी घातलेल्या घिरट्यांचे पैसेही त्यांच्याच खिशातून जातात.